कात्रीच्या नाइफने ईएसडी : केस लावण्याआधी काय काय बघायचं

ईएसडी म्हणजे मोठ्या आतड्यातली गाठ स्कोपमधून, खालच्या स्नायूच्या थरावरून अखंड सोलून काढणं. इथे ते कात्रीसारख्या, करंटवर चालणाऱ्या नाइफने. आधी जुना कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट आणि फोटो मागवा. गाठीतून पूर्वी तुकडे घेतलेत का, स्नेअरने (तारेच्या फासाने) काढायचा अर्धवट प्रयत्न झालाय का, गाठीखाली टॅटूची (जागेच्या खुणेची) शाई गेलीय का, हे विचारल्याशिवाय तारीख देऊ नका. या तिन्हींमुळे सबम्युकोसा (आतलं अस्तर आणि स्नायू यांच्यामधला थर) चिकटून बसतो आणि इंजेक्शन दिलं तरी गाठ उचलली जात नाही. कर्करोग सबम्युकोसात 1 मिलिमीटरपेक्षा खोल गेल्याची चिन्हं असतील तर केस सर्जनकडे द्या. नाइफ चांगला आहे म्हणून निकष सैल होत नाहीत.

औषधांची यादी तोंडी घेऊ नका, गोळ्यांची पिशवीच आणायला सांगा. वॉरफरीन साधारण 5 दिवस आणि क्लोपिडोग्रेल 5 ते 7 दिवस आधी थांबवतात. पण स्टेंट असेल तर हृदयरोगतज्ज्ञांची लेखी परवानगी हवीच. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्या 3 दिवस आधी बंद, नाहीतर उपाशीपोटी रक्तात आम्ल वाढून कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवा, त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो.

खाण्याचं मात्र नीट बसून समजावावं लागतं. तीन दिवस मऊ भात, मुगाचं वरण, ताक, अंडं चालेल. भाकरी, पालेभाजी, पेरू, शेंगदाणे बंद. ‘रस्सा तर पातळच असतो की’ हा युक्तिवाद कोल्हापुरात हमखास होतो. पांढऱ्या रश्शातले तीळ आणि खसखस आतड्याच्या वळ्यांत अडकतात आणि स्कोपचं सक्शन तुंबवतात, हे कारण सांगितलं की पटतं. आदल्या दिवशी फक्त शहाळं, बिनदुधाचा चहा, लिंबू सरबत. लाल रंगाचं काहीच नको, ते आत रक्तासारखं दिसतं.

पोट साफ करायच्या पावडरची, म्हणजे पीईजीची, 137 ग्रॅमची पुडी 2 लिटर पाण्यात विरघळवा. अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं त्याच दिवशी पहाटे. केस 11 वाजता असेल तर पहाटे 5 ला सुरू करून 7 पर्यंत संपवा, 9 नंतर पाणीही नाही. शेवटी फिकट पिवळं, गाळ नसलेलं पाणी पडायला हवं. तसं नसेल तर केस पुढे ढकला. भोक पडलंच तर स्वच्छ आतड्यात ते क्लिपने बहुतेक वेळा सावरता येतं, मळ आतड्याबाहेर पोटाच्या पोकळीत उतरला की तसं राहत नाही. मॅनिटॉल देऊ नका: आतड्यातल्या जिवाणूंमुळे त्यातून हायड्रोजन तयार होतो आणि करंट लावल्यावर स्फोटाचा धोका असतो. चंदगड, आजऱ्याकडचा पेशंट आदल्या दिवशीच कोल्हापुरात मुक्कामाला हवा. पावडर पिऊन एसटीत बसता येत नाही.

खोलीत कार्बन डायऑक्साइडचा भरलेला सिलिंडर आणि एक जादा, स्कोपच्या टोकाला पारदर्शक हूड, रक्त थांबवायचा चिमटा (हिमोस्टॅटिक फोर्सेप्स), क्लिपा, आणि पोट फुगून ताण आला तर हवा सोडायला 18 गेजची सुई. पेशंटच्या अंगावर दागिने नकोत, करंट परत नेणारी प्लेट मांडीला पूर्ण चिकटलेली हवी. पेसमेकर आहे का हे पुन्हा एकदा विचारा. गाठ उचलायच्या इंजेक्शनला हायलुरोनेटचं दाट द्रावण, नुसतं सलाईन काही मिनिटांत पसरून जातं. त्यात इंडिगो कार्मिनचे थोडेच थेंब, फार निळं झालं तर शिरा दिसत नाहीत.

नाइफ स्कोपमध्ये घालण्याआधी बाहेरच उघडून, मिटून, फिरवून बघा. स्कोप वळलेला असताना आत फिरणं उशिरा पोचतं, एकदम झटका बसतो. म्हणून असिस्टंटने हँडल सावकाश फिरवायचं. ‘धर’, ‘सोड’, ‘काप’ हे शब्द आधीच ठरवून घ्या. या नाइफचा सगळा फायदा कापण्याआधीच्या त्या थांबण्यात आहे: पकडा, स्नायूपासून वर उचला, काय पकडलंय ते बघा, मग करंटचं पेडल. मोठा घास घेतला तर स्नायूही पात्यात येतो. पाती स्नायूला समांतर ठेवा. शीर दिसली तर आधी करंटने रक्त गोठवा, मग कापा. पात्याला जळकं चिकटलं की करंट नीट लागत नाही, म्हणून ओला गॉज हाताशी ठेवा.

थर्मोकोलचा तुकडा, टाचण्या आणि 10 टक्के फॉर्मालिनही आधीच तयार हवं. गाठ निघाल्या निघाल्या ताणून टाचा, तोंडाकडची आणि गुदाकडची बाजू लिहा. सुरकुतलेल्या तुकड्याची कड गाठीपासून मोकळी आहे की नाही, हे पॅथॉलॉजिस्टला सांगता येत नाही.