सभेत बोलायला शिकताना

भाषण करणे ही पुढाऱ्यांची आणि प्राध्यापकांची बाब आहे, असा समज आपल्याकडे अजूनही पक्का आहे. प्रत्यक्षात वरिष्ठांसमोर प्रकल्पाची माहिती मांडणारा कनिष्ठ अभियंता, तोंडी परीक्षा देणारी विद्यार्थिनी, स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीला बसलेला उमेदवार, गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत दुरुस्तीच्या खर्चाबद्दल प्रश्न विचारणारा सभासद, हे सगळे त्या घटकेपुरते वक्तेच असतात. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतराज संस्थांमध्ये महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. पण निवडून आलेल्या सरपंचबाईंनी ग्रामसभेत स्वतः उभे राहून विषय मांडला नाही, तर त्यांच्या वतीने दुसरेच कुणीतरी बोलू लागते आणि हळूहळू निर्णयही त्याच्याच हाती जातो. ज्याचे काम त्यानेच ते मांडावे, एवढ्यासाठी तरी ही विद्या प्रत्येकाला यायला हवी, असे मला मनापासून वाटते.

मी नोकरीच्या सुरुवातीच्या काळात टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करून घेणाऱ्या संस्थेच्या एका क्लबात बोलायला शिकलो आणि पुढे बरीच वर्षे नव्या सभासदांबरोबर आणि महाविद्यालयीन मुलामुलींबरोबर काम करत आलो. नवीन येणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो भीतीचा. भाषणापूर्वी छाती धडधडते, घशाला कोरड पडते, हात थरथरतात; हे ॲड्रेनलिन या शरीरातल्या संप्रेरकाचे काम आहे आणि मुरलेल्या वक्त्यांनाही ते चुकत नाही. नवख्याचे खरे नुकसान होते ते ‘माझी ही अवस्था समोरच्या सगळ्यांना दिसते आहे’ या कल्पनेने. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले, की वक्त्याला आपली अस्वस्थता जितकी उघड वाटते तितकी ती श्रोत्यांना दिसत नाही, आणि ही गोष्ट ज्यांना आधी समजावून सांगितली त्यांची भाषणे अधिक चांगली झाली. म्हणून मी प्रत्येक नवीन सभासदाला हे पहिल्याच दिवशी सांगतो. त्यापलीकडे दोन साध्या गोष्टी उपयोगी पडतात. पहिली दोन वाक्ये अगदी पाठ असावीत, आणि बोलायला उभे राहिल्यावर एक श्वास सावकाश बाहेर सोडून मगच तोंड उघडावे. एकदा ती दोन वाक्ये नीट गेली, की मन भीतीकडून विषयाकडे वळते.

त्यानंतरचे शिक्षण मात्र कानासाठी रचना करण्याचे आहे, आणि तिथे अनेक हुशार मुले अडतात. लेख वाचणारा मागचे पान उलटू शकतो. श्रोत्याला ती सोय नसते. त्यामुळे निबंधासारखे लिहिलेले भाषण कितीही चांगले असले, तरी ऐकताना निसटून जाते. आपल्याकडच्या नारदीय कीर्तनाने ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. कीर्तनकार पूर्वरंगात एखादा अभंग घेऊन त्याचे निरूपण करतो, उत्तररंगात त्याच विचाराला धरून आख्यान सांगतो आणि शेवटी पुन्हा मूळ अभंगावर येतो. ऐकणाऱ्याला सतत ठाऊक असते, की आपण कुठे आहोत आणि हे सगळे कशाभोवती चालले आहे. पाच मिनिटांच्या भाषणातही एकच मुख्य विधान, त्याला आधार देणारा एखादा खरा प्रसंग आणि त्या विधानाकडे परत येणे एवढे जमले, तर ते लक्षात राहते. विद्यार्थी पाच मुद्दे घेऊन येतात तेव्हा त्यांतले तीन काढून टाकायला सांगणे हेच माझे निम्मे काम असते.

महाराष्ट्राला भाषणे ऐकण्याची मोठी परंपरा आहे. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला आजही भरते. शाळा-महाविद्यालयांतील वक्तृत्व स्पर्धांनी अनेक मुलांना प्रथम व्यासपीठ दाखवले, याबद्दल मला आदर आहे. पण दुसऱ्याने लिहून दिलेले, सुभाषितांनी सजवलेले भाषण घोकून म्हणण्याची सवय तिथे लागते आणि ती पुढे अडचणीची ठरते, कारण मुलाखतीत किंवा बैठकीत मध्येच एखादा प्रश्न आला की पाठ केलेली साखळी तुटते. मुद्द्यांचा क्रम पाठ करावा, शब्द त्या वेळी सुचू द्यावेत.

टोस्टमास्टर्सची पद्धत मला भावली ती यामुळेच. राल्फ स्मेडली यांनी १९२४ साली कॅलिफोर्नियातील सांता ॲना येथे वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेमध्ये हा पहिला क्लब सुरू केला. तिथे कुणी शिक्षक नसतो. सभासदच एकमेकांना शिकवतात. नव्या सभासदाचे पहिले भाषण ‘आइसब्रेकर’ हे स्वतःविषयी असते आणि ते चार ते सहा मिनिटांत संपवायचे असते. चौथ्या मिनिटाला हिरवी, पाचव्याला पिवळी आणि सहाव्याला लाल खूण दाखवली जाते. वेळेचे हे बंधन सुरुवातीला जाचक वाटते, पण सभेत इतरांची वेळ न खाण्याचे वळण त्यातूनच लागते. ‘टेबल टॉपिक्स’मध्ये आयत्या वेळी मिळालेल्या विषयावर एक ते दोन मिनिटे बोलायचे असते, मुलाखतीची याहून चांगली तयारी मी पाहिलेली नाही. एक जण बोलणाऱ्याच्या तोंडी वारंवार येणारे ‘म्हणजे’, ‘तर’, ‘ॲक्च्युअली’ मोजत बसतो. हा आकडा ऐकल्यावर माणूस त्या जागी थांबायला शिकतो, आणि ते छोटेसे थांबणे श्रोत्याला विचार करायला अवकाश देते.

या सगळ्यात मोलाचे असते ते मूल्यमापन. प्रत्येक तयार भाषणानंतर दुसरा सभासद दोन-तीन मिनिटे उभा राहून काय पोहोचले, काय पोहोचले नाही आणि पुढच्या वेळी कोणता एक बदल करावा, हे सांगतो. ‘छान झाले’ एवढ्याने कुणी सुधारत नाही आणि दहा दोष एकदम दाखवले तर नवखा माणूस पुन्हा उभाच राहत नाही. शिवाय दुसऱ्याचे भाषण असे कान देऊन ऐकणाऱ्याला स्वतःच्या बोलण्यातल्या जागाही कळू लागतात, म्हणून नवीन सभासदाने मूल्यमापनाची जबाबदारी लवकर मागून घ्यावी.

जवळपास क्लब नसेल, किंवा कामकाज इंग्रजीत असल्यामुळे संकोच वाटत असेल, तर पाच-सहा मित्रमैत्रिणींनी आठवड्यातून एकदा वाचनालयात किंवा कुणाच्या घरी जमून हेच मराठीत करावे. मोबाईलवर वेळ लावावी, दोघांनी तयार भाषण करावे, उरलेल्यांनी चिठ्ठीतल्या विषयावर बोलावे, आणि प्रत्येक भाषणाचे मूल्यमापन दुसऱ्याकडे द्यावे. भाषण मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावे. त्याच रात्री ऐकले तर आपण काय बोललो यापेक्षा काय बोलायचे होते तेच आठवत राहते. पहिला विषय मात्र देशाच्या प्रश्नांपैकी घेऊ नये. आपल्या शेतातले ठिबक सिंचन, वडिलांचे दुकान, प्रयोगशाळेतला एखादा प्रयोग, असे जे स्वतः केले किंवा जवळून पाहिले आहे ते घ्यावे. तिथे माहितीसाठी कागदाकडे बघावे लागत नाही आणि नजर आपोआप समोरच्या माणसांकडे जाते.