पसरणी घाटाआधी टायरची तयारी

डिसेंबरात पहाटे पुण्याहून बाइकने निघून वाई-पाचगणीमधला पसरणी घाट चढायचा असेल, तर आदल्या संध्याकाळी गाडी मेन स्टँडवर लावा आणि टॉर्च घेऊन टायरपाशी बसा. टायर घासला की पावसात घसरतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. थंडीत कोरड्या डांबरावरही तो दगा देतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. धावताना टायर प्रत्येक फेरीत दबतो आणि पुन्हा सावरतो; नक्षीचे ठोकळे वाकतात, रबर मळलं जातं आणि त्यातूनच ऊब येते. घासलेल्या टायरवर मळायला रबरच थोडं उरलेलं असतं. ऊब कमी निर्माण होते आणि धरून ठेवायला जाडी नसल्याने लगेच निघूनही जाते.

म्हणून आधी खाचांमधले टीडब्ल्यूआयचे, म्हणजे टायर किती झिजला हे दाखवणारे, उंचवटे शोधा. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली असेल तर प्रवास पुढे ढकला आणि टायर बदला. नवा टायर मात्र घाटाच्या आदल्या दिवशी बसवू नका. त्याचा गुळगुळीत थर जाईपर्यंत पहिले शे-दीडशे किलोमीटर जपून चालवावे लागतात. मग मागच्या टायरवरून तळहात आडवा फिरवा. हायवेवर सरळ पळालेला टायर मधोमध सपाट होतो, कडांना मात्र नक्षी भरपूर दिसते. ती पाहून निश्चिंत होऊ नका. अशी गाडी वळणात आधी झुकायला कुरकुरते आणि मग सपाट भागाची धार ओलांडताच एकदम कलते.

साइडवॉलवरचे, म्हणजे टायरच्या बाजूवरचे, चार आकडेही वाचा; टायर कधी बनला ते त्यावरून कळतं: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. जुनं रबर कडक होतं. नखाने दाबून मऊ लागत नसेल आणि बारीक भेगा दिसत असतील, तर नक्षी कितीही असो, घाटासाठी मी तो टायर धरत नाही.

हवा पहाटे, गाडी सुरू करण्याआधी, स्वतःच्या गेजने बघा. दुपारी तीस अंशांत भरलेली हवा पहाटे बारा अंशांत दोन-अडीच पीएसआयने उतरलेली असते. कंपनीने दिलेला आकडा थंड टायरचा असतो, तेवढीच ठेवा. ‘ग्रिप वाढेल’ म्हणून हवा सोडू नका. मागे कोणी बसणार असेल, तर डबलसीटचा आकडा पाहा.

आता वाटेचा हिशोब. हायवेवरून वाईकडे वळायच्या सुरूर फाट्यापर्यंत बहुतेक रस्ता सरळ, त्यामुळे टायरचा मधला पट्टा तापतो, कडा थंडच राहतात. वाईत चहाला वीस-पंचवीस मिनिटं थांबलात की मधली ऊबही निघून जाते. माझा मागचा टायर एकदा असाच चहानंतर, घाटाच्या सावलीतल्या वळणावर सरकला. वेग जेमतेम चाळीस होता. गाडी सावरली, पण तेव्हापासून चहा मी पाचगणीला घेतो. वाईत थांबावंच लागलं, तर पुढची पाच-सात किलोमीटर नव्याने सुरुवात केल्यासारखी चालवा. नागमोडी हेलकावे घेऊन टायर फारसा तापत नाही. सरळ पट्ट्यावर, मागे वाहन नाही हे पाहून, ब्रेक हळूहळू घट्ट करत नेणं आणि पुन्हा गती घेणं जास्त उपयोगी. सुरुवातीची वळणं कमी झुकून घ्या आणि पुढचा ब्रेक वळणाआधीच सोडा.

उसाच्या हंगामात वाईच्या आसपास ट्रॉल्यांमधून पडलेलं पाचट आणि चाकांची माती रस्त्यावर असते. तिथे तापलेला टायरही उपयोगाचा नाही. वेगच कमी करा.

पाचगणीला पोचलात की हातमोजा काढून टायरला हात लावा, आधी मध्ये, मग कडेला. कड गार लागली, तर उतरताना पहिली वळणंही तशीच हळू घ्या.