‘गुड’ लिहायची घाई करू नका भावांनो (कर्नल बिसेक्टमध्ये गेलेले माझे तीन आठवडे)

बिसेक्ट म्हणजे चालणाऱ्या आणि बिघडलेल्या व्हर्जनच्या मधले बदल (कमिट) निम्मे-निम्मे करत दोषी बदल शोधायची गिटची सोय, प्रत्येक वेळी चालवून बघून तुम्ही सांगायचं ‘गुड’ (ठीक) का ‘बॅड’ (बिघडलेलं). लिनक्सचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) स्वतः बिल्ड करता येतो, ग्रबमधनं (बूटचा मेनू) जुना बूट करता येतो, डीमेसेज (कर्नलचे मेसेज) वाचता येतो, एवढं धरून चाललोय. येत नसेल तर आधी ते करा, एक रविवार पुरतो.

माझी केस अशी. कोल्हापूरच्या राजारामपुरीतनं घेतलेला सेकंडहँड लॅपटॉप, आत एनव्हीएमई एसएसडी (पीसीआयवर जोडलेली वेगवान डिस्क). कर्नल अपडेट केला आणि मधूनच मशीन गोठायला लागलं, माउस हलतोय पण एक फाइल उघडत नाही, आणि अर्ध्या मिनिटानं धडाधड आय-ओ एरर. ते अर्धं मिनिट योगायोग नव्हे, एनव्हीएमई ड्रायव्हर डीफॉल्टला ३० सेकंद कमांडची वाट बघतो आणि मगच बोंब मारतो. जुना कर्नल लावला की काही नाही. म्हणजे रिग्रेशन, आधी चालणारं नव्या बदलानं बिघडलेलं. मी लै खूश, म्हटलं बिसेक्ट लावू, दोन दिवसात कमिट हातात.

पहिली अडचण लॉगची. डिस्कच गेल्यावर जर्नल लिहिणार कुठं? रीबूट केलं की लॉगमध्ये सगळं आबादीआबाद. दोन दिवस मोबाईलनं स्क्रीनचे फोटो काढले, मग नेटकॉन्सोल कळलं. कर्नलचे मेसेज यूडीपीवरनं दुसऱ्या मशीनला जातात, वायरचं लॅन लागतं, वायफायवर नाद करू नका. भावाच्या जुन्या डेस्कटॉपवर ते मेसेज पकडायला नेटकॅट लावून बसलो तेव्हा ओळ पूर्ण दिसली: कंट्रोलर डाउन, सीएसटीएसच्या (कंट्रोलरची स्थिती सांगणारं रजिस्टर) पुढं आठ वेळा एफ. हे आठ एफ ओळखायला शिका. पीसीआयवर समोर कोणीच उत्तर देत नसेल तर रीड केल्यावर सगळे बिट १ येतात, म्हणजे आमच्या डिस्कनं फोनच उचलला नव्हता.

आता मी जिथं आपटलो ते. जरा लांबण लागेल, पण वाचा.

दोन लागोपाठच्या रिलीजमध्ये दहा-पंधरा हजार कमिट असतात, बिसेक्ट दरवेळी निम्मे करतो, म्हणून साधारण १४ पायऱ्या. प्रत्येक पायरीला बिल्ड, बूट, टेस्ट, आणि तुम्ही सांगायचं गुड का बॅड. माझा बग चार वेळा टेस्ट केली तर एकदा यायचा. मी काय केलं, बूट करायचो, दहा मिनिटं मशीन नुसतं ठेवायचो, चहा घ्यायचो, काही झालं नाही की ‘गुड’. बॅड एकदा दिसला की बॅडच, त्यात वाद नाही. पण गुडचा अर्थ ‘मला दिसला नाही’ एवढाच, आणि बिसेक्ट ते देववाणीसारखं धरतो, परत विचारत नाही. आता हिशेब बघा. १४ पैकी समजा ७ पायऱ्या खरोखर बॅड आहेत. प्रत्येकीला एकदाच टेस्ट करून सातही वेळा बग दिसायला पाहिजे, त्याची शक्यता १/४ चा सातवा घात, म्हणजे १६३८४ मध्ये १. मी आठवडाभर लॉटरीचं तिकीट घासत बसलो होतो! शेवटी बिसेक्टनं जो कमिट दिला तो कुठल्यातरी एआरएम बोर्डाच्या साउंड ड्रायव्हरचा. माझ्या इंटेल लॅपटॉपवर तो कंपाईलसुद्धा होत नाही. आई मागनं म्हणाली, “अजून त्येच करालास व्हय रं?” काय सांगणार.

एक खूण लक्षात ठेवा, एका गुडनंतर पुढचे सगळे बॅड बॅड बॅडच यायला लागले तर त्या गुडवर संशय घ्या. आणि घाबरू नका, सगळं पहिल्यापासनं करायला लागत नाही. गिट बिसेक्ट लॉग फाइलमध्ये काढा, चुकीची ओळ आणि तिच्या खालचं उडवा, रीप्ले करा. हे मला त्या आठवड्यात कोणी सांगितलं असतं तर मी त्याला तांबडा-पांढरा खायला घातला असता. मी ज्यांना विचारलं ते पुण्यातले एक सीनियर, त्यांचं उत्तर “सोप्पं आहे, बिसेक्ट लाव”. दुसरा म्हणाला पॉवर सेव्हिंग बंद करायचा कर्नल पॅरामीटर (बूट करताना द्यायचं सेटिंग) टाक आणि मोकळा हो. पॅरामीटर टाकल्यावर बग खरंच थांबला, पण ते फक्त सुगावा म्हणून वापरा, पॅरामीटर टाकून गप बसणाऱ्यांमुळेच बग वर्षानुवर्षं तसे राहतात असं माझं स्पष्ट मत आहे.

सुटका केली महावितरणनं. दुपारी लाइट गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला आणि दोन मिनिटात डिस्क गायब. परत लाइट गेली, परत गायब. मग डोक्यात प्रकाश पडला, बॅटरीवर आला की पॉवर सेव्हिंग जोरात चालू होतं. चार्जर मुद्दाम काढून टेस्ट केलं तर तीनपैकी दोन वेळा बग. आता पाच वेळा टेस्ट करून पाचही वेळा निसटायची शक्यता २४३ मध्ये १. म्हणून बिसेक्ट सुरू करायच्या आधी दोन दिवस गेले तरी चालतील, पण बग जास्त वेळा कसा येईल ते शोधा. आणि डिस्कवर जोरात लोड टाकून बघायची सवय असते ना, ती इथं उलटी पडते, डिस्क बिझी असली की झोपतच नाही मग पडणार कशी. मी थोडं रीड, मग स्लीप, असा छोटा लूप लावला.

बाकी किरकोळ. लोकलमॉडकॉन्फिग वापरा (सध्या लोड असलेलेच मॉड्यूल बिल्ड होतात), माझा बिल्ड दोन तासांवरनं पंचवीस मिनिटांवर आला. बूट झाल्यावर यूनेम (चालू कर्नलचं व्हर्जन दाखवणारी कमांड) बघून कमिटचा हॅश जुळतोय का तपासा, कारण व्हर्जनचं नाव तेच राहिलं तर इनिट्रॅमएफएसमधला (बूटच्या सुरुवातीला लोड होणारी छोटी फाइलसिस्टिम) जुनाच एनव्हीएमई मॉड्यूल लोड होतो आणि तुम्ही कालचाच कर्नल टेस्ट करत बसता (हो, हे पण केलंय). आणि डेटाची कॉपी आधी काढा. २०१८ च्या शेवटी ४.१९ वर लोकांच्या फाइलसिस्टिम खराब झाल्या, सगळे ईएक्सटी४ या फाइलसिस्टिमला शिव्या घालत होते, दोष निघाला तिच्या खालच्या ब्लॉक लेयरच्या ब्लॉक-एमक्यूमध्ये (डिस्ककडे जाणाऱ्या विनंत्यांच्या रांगा सांभाळणारा भाग). बिसेक्ट करताना तुम्ही मुद्दाम असले कर्नल बूट करत असता.

माझाही कमिट एनव्हीएमईचा नव्हताच, पीसीआयच्या पॉवर मॅनेजमेंटमधला निघाला. कर्नलवाल्यांना लगेच मेल टाकू नका, ताज्या कर्नलवर तेवढा एक कमिट रिव्हर्ट करून (काढून टाकून) परत पाच वेळा टेस्ट करा, मगच लिहा. मी लिहिलं, चौथ्या दिवशी त्या कमिटवाल्याचा पॅच आला, करून बघ म्हणून. चार्जर काढून पाच वेळा चालवलं, पाचही वेळा डिस्क जागेवर. तरी भरवसा वाटेना, म्हणून रात्रभर लूप लावला आणि दर अर्ध्या तासानं बॅटरी किती उरली ते बघत बसलो.