गाडीखाली डाग दिसला? रात्री पुठ्ठा सरकवा

ठाण्यात घोडबंदर रोडकडच्या सोसायट्यांत पार्किंगची फरशी आधीच जुन्या तेलाने काळी झालेली असते. नवा डाग आपल्याच गाडीचा का, हे कळणार कसं? रात्री गाडी लावली की इंजिनाखाली फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा सरकवा आणि पुढची चाकं कुठे येतात तिथे पेनाने खूण करा. सकाळी थेंबाची जागा आणि रंग, दोन्ही समजतात.

स्वच्छ, बिनवासाचं पाणी बहुतेक एसीचं. आपल्याकडच्या दमट हवेत ते भरपूर गळतं, काळजी नको. हिरवट किंवा गुलाबी, बोटाला बुळबुळीत आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव. त्याची पातळी इंजिन पूर्ण गार झाल्यावरच बघा. गरम असताना झाकण उघडलंत तर हात भाजेल. सांडलेलं लगेच पुसा, कारण कुत्री-मांजरं ते चाटतात आणि त्यांच्यासाठी ते विष आहे. तपकिरी-काळं ते इंजिन ऑइल.

चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, पिवळसर, तेलकट थेंब दिसले तर ब्रेक ऑइलचा संशय घ्या. गाडी अजिबात हलवू नका, मेकॅनिकलाच खाली बोलवा आणि पुठ्ठ्याचा फोटो त्याला आधी पाठवा.