खालच्या पुलावर गाडी घालण्याआधी

चिक्कोडी-निपाणी भागातले कल्लोळ-येडूर, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड हे सखल पूल. नदी फुगली की आधी हेच बुडतात. आपल्याकडं ऊन आहे म्हणून फसू नका. वेदगंगेचं पाणी पाटगावाकडून, दूधगंगेचं काळम्मावाडीकडून, म्हणजे वर घाटातून येतं. घाटात धो-धो कोसळलं की इथं रात्रीत पूल दिसेनासा होतो. निघण्याआधी पलीकडच्या पै-पाव्हण्यांना फोन करा. पुलावर पाणी असेल तर गाडी वळवाच, कितीही उशीर होऊ दे. फूटभर वाहतं पाणीसुद्धा छोटी कार उचलतं, आणि गढुळात पुलाची कड दिसत नाही. पाणी ओसरल्यावर मी आधी काठी घेऊन चालत जातो: पूल जिथं रस्त्याला मिळतो तिथला भराव आतून खचलेला असतो, वर मात्र गुळगुळीत गाळ.