जुन्या इंग्रजी शब्दांचे अर्थ लावताना या चुका टाळा

जुन्या इंग्रजी पुस्तकात अगदीच अनोळखी शब्द आला, तर वाचक शब्दकोश उघडतो आणि प्रश्न तिथेच मिटतो. खरी फसगत होते ती ओळखीच्या शब्दांमुळे, कारण रोजच्या वापरातल्या शब्दाचा अर्थ तपासून पाहावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

१६११ साली प्रसिद्ध झालेल्या किंग जेम्स बायबलच्या पहिल्याच अध्यायात देव माणसाला वनस्पती आणि फळे ‘मीट’ म्हणून देतो. मांस हा आजचा अर्थ घेतला, तर वाक्य विसंगत वाटते. त्या काळी मात्र हा शब्द कोणत्याही अन्नाला लागू होता. त्याच ग्रंथातील ११९ व्या स्तोत्रात भक्त म्हणतो की आपण पहाटेला ‘प्रिव्हेंट’ केले. त्याने पहाट रोखली असे समजणे चूक आहे, कारण लॅटिनमधून आलेला ‘आधी येणे’ हा अर्थ तेव्हा प्रचारात होता आणि आपण उजाडण्यापूर्वीच धावा सुरू केला, एवढेच त्याला सांगायचे आहे.

‘लेट’चे उदाहरण तर आपल्या घरातच सापडते. भारतीय पासपोर्टवर राष्ट्रपतींच्या नावाने जी विनंती छापलेली असते, तीत धारकाला ‘लेट ऑर हिंड्रन्स’शिवाय जाऊ द्यावे असे म्हटले आहे. येथे ‘लेट’ म्हणजे मुभा नव्हे, तर नेमका त्याउलट, अडथळा. मुळात हे दोन निराळे शब्द होते आणि कालांतराने त्यांचे रूप एकच झाले. शेक्सपिअरच्या नाटकात भुताच्या मागे निघालेला हॅम्लेट, आपल्याला ‘लेट’ करील त्याचेच भूत करीन, असे अडवणाऱ्या सोबत्यांना बजावतो, तेही याच अर्थाने.

प्रार्थनांमध्ये वारंवार येतो म्हणून ‘दाऊ’ हा आदरार्थी शब्द आहे, असा समज सर्रास आढळतो. वस्तुतः तो आपला ‘तू’ आहे आणि आदराचे ‘तुम्ही’ म्हणजे ‘यू’. विठ्ठलाला ‘तू’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे उमगायला अडचण पडू नये. शेक्सपिअरचे पात्र ‘यू’ सोडून ‘दाऊ’वर आले, की जवळीक वाढली आहे की पाणउतारा चालला आहे, हे प्रसंगावरून ठरवावे. ज्युलिएटच्या तोंडचा ‘व्हेअरफोर’ हाही ‘कुठे’ नसून ‘का’ आहे; तू नेमका वैऱ्याच्या घरातला रोमिओच का असावास, हे तिचे दुःख आहे.

अर्थ अडला, तर कोशातील पहिला अर्थ उचलू नये. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात प्रत्येक अर्थाखाली सालवार उतारे दिलेले असतात. आपल्या पुस्तकाचे साल पाहून त्या सुमाराचा अर्थ निवडावा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश वापरतानाही ही दक्षता हवी, कारण १८५७ च्या आवृत्तीतील इंग्रजीही त्याच काळाचे आहे.

समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या ‘विस्मृत शब्दां’च्या याद्यांवर तर मुळीच विसंबू नये. छापील कोशातही चूक शिरू शकते: वेबस्टरच्या १९३४ च्या कोशात ‘घनता’ या अर्थाने ‘डॉर्ड’ असा शब्द छापला गेला होता. प्रत्यक्षात तो शब्दच नव्हता. घनतेसाठी ‘डी’ हे अक्षर मोठे किंवा लहान लिहावे, अशी सूचना देणारी ‘डी ऑर डी’ (D or d) ही चिठ्ठी कोणीतरी एकसंध शब्द म्हणून वाचली होती. आपल्या यादीतल्या शब्दाचा एकही जुना उतारा मिळत नसेल, तर तो शब्द वापरू नये.