रोमा वस्तीवर काम करताना या चुका टाळा

पूर्व स्लोव्हाकिया, ईशान्य हंगेरी आणि रोमानियाच्या खेड्यांतल्या रोमा ('जिप्सी' म्हणून हिणवल्या गेलेल्या समाजाच्या) वस्त्यांना योजनांची कधी वानवा नव्हती. 2005 ते 2015 हे 'रोमा समावेशन दशक' झालं. 2011मध्ये युरोपीय संघाने सदस्य देशांकडून राष्ट्रीय धोरणं मागवली आणि 2020मध्ये पुढच्या दहा वर्षांचा आराखडा आणला. तरीही संघाच्या मूलभूत हक्क संस्थेला 2016च्या पाहणीत दर पाचांपैकी चार रोमा दारिद्र्याच्या छायेत आढळले, आणि 2021मध्येही तेवढेच.

सामाजिक कार्य किंवा सार्वजनिक धोरण शिकायला युरोपात जाणारी मराठी मुलंमुली आता बरीच आहेत. त्यांच्यापैकी कुणाला अशा वस्तीवर काम करायची संधी मिळाली, तर ती जरूर घ्यावी. पण काही चुका तिथे इतक्यांदा झाल्या आहेत की त्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या. बहुतेकींच्या मुळाशी एकच समजूत आहे: बदलायचं आहे ते रोमांना. शाळेचे वर्ग, जमिनीचे कागद, कर्जाचा हिशेब हे सगळं जसंच्या तसं राहतं आणि वस्तीसाठी मात्र प्रबोधनाची शिबिरं भरतात.

'ते भटके आहेत' असं धरून चालणं

आपल्याकडचं भटक्या-विमुक्तांचं काम पाहिलेला माणूस रोमांकडे त्याच नजरेने पाहतो. पाल, तांडा, पालावरची शाळा डोळ्यांसमोर येते. पण या देशांतले बहुसंख्य रोमा कित्येक पिढ्यांपासून एका जागी राहतात. फिरत्या कुटुंबांसाठी आखलेली योजना इथे पहिल्याच दिवशी फसते.

जुळतं ते वेगळंच. ब्रिटिशांनी 1871च्या कायद्याने अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, आणि तो कायदा 1952मध्ये गेला तरी पोलिसांच्या नजरेतून शिक्का गेला नाही. रोमांच्या वाट्यालाही सरकार असंच आलं. आजच्या रोमानियाचा पाया असलेल्या मोल्डाव्हिया आणि वालाकिया या संस्थानांत 1855-56पर्यंत ते कायद्याने गुलाम होते. सरदार, मठ आणि राजे त्यांचे मालक. अठराव्या शतकात हॅब्सबुर्ग साम्राज्यात राणी मारिया थेरेसाच्या फर्मानांनी त्यांना 'नवे शेतकरी' बनवायचं ठरवलं आणि त्यासाठी मुलं आईबापांपासून तोडून परक्या घरांत ठेवली. 2 ऑगस्ट 1944च्या रात्री नाझींच्या आउश्वित्झ-बिर्केनाऊमधल्या रोमा छावणीतले उरलेसुरले चार हजारांहून अधिक लोक विषारी वायूने मारले गेले. पुढे चेकोस्लोव्हाकियात रोमा बायकांच्या नसबंद्या झाल्या, कित्येकींना धड न सांगता. चेक प्रजासत्ताकाने त्यांना भरपाई देणारा कायदा केला तो थेट 2021मध्ये.

म्हणून आरोग्य शिबिराचं पत्रक घेऊन गेल्यावर एखादी आजी दार लावून घेते, तेव्हा 'जागरूकतेचा अभाव' असा शेरा मारून पुढे जाऊ नका. तिला जे माहीत आहे, ते तुमच्या प्रकल्प अहवालात नाही.

गैरहजेरीचं कारण घरातच शोधणं

मुलं शाळेत टिकत नाहीत, म्हणून पालकांना शिक्षणाचं महत्त्व पटवायचं. सगळ्यात जास्त पैसा इथे वाया गेला आहे, म्हणून यावर जरा थांबतो.

सहा वर्षांचं मूल शाळेच्या दारात उभं आहे. घरात बोली रोमानी, म्हणजे रोमांची स्वतःची भाषा. समोरची बाई स्लोव्हाक किंवा चेक बोलते. ती चित्रं दाखवून नावं विचारते, गोष्टीत पुढे काय झालं ते सांगायला सांगते. घरी चित्रांचं एकही पुस्तक नसलेलं ते मूल गप्प बसतं. त्या गप्प बसण्याला गुण दिले जातात आणि कागदावर 'सौम्य मतिमंदत्व' येतं. मग त्याची रवानगी विशेष शाळेत होते. तिथला अभ्यासक्रम इतका पातळ की नेहमीच्या शाळेत परतायची वाट जवळपास बंदच.

चेक प्रजासत्ताकातल्या ओस्त्रावा शहरातल्या अठरा रोमा मुलांचं असंच प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलं. अर्जदारांनी मांडलेल्या आकड्यांनुसार तिथलं रोमा मूल विशेष शाळेत जाण्याची शक्यता इतर मुलांच्या सत्तावीस पट होती. 13 नोव्हेंबर 2007ला निकाल मुलांच्या बाजूने लागला. सरकारचा एक बचाव असा होता की पालकांनी संमतीच्या कागदावर सही केली होती. न्यायालयाने तो मानला नाही. काय लिहिलं आहे आणि त्याचा परिणाम काय, हे समजण्याची संधीच ज्यांना मिळाली नाही, त्यांच्या सहीने मुलाचा समान वागणुकीचा हक्क बुडत नाही. वस्तीवर सह्या गोळा करणाऱ्या प्रत्येक संस्थेने हा मुद्दा लक्षात ठेवायला हवा.

खेड्यांतला प्रकार याहून साधा असतो: एकच इमारत, दोन वर्ग. पूर्व स्लोव्हाकियातल्या शारिश्स्के मिखाल्यानी गावच्या शाळेने रोमा मुलांचे वर्ग वेगळे ठेवले होते. त्यांच्याकडे अधिक लक्ष देता यावं म्हणून, असं शाळेचं म्हणणं. 2012मध्ये अपिलातही न्यायालयाने हे बेकायदा ठरवलं. हंगेरीतल्या ज्योंज्योशपाता गावात रोमा मुलं वेगळ्या मजल्यावर बसत. अशी वर्षं गेलेल्या मुलांना पैशात भरपाई द्यायला सरकार तयार नव्हतं, त्याऐवजी प्रशिक्षण देऊ म्हणत होतं. मे 2020मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भरपाई पैशातच द्या, असा निकाल दिला.

तेव्हा मुलं गळायला लागली की आधी शाळेत जा. हजेरीपटावरची नावं तुकडीवार पाहा. रोमा मुलांचा वर्ग कुठे आहे, जेवायला ती कुणाबरोबर बसतात, सहलीला कोण जातं, चाचणी कुठल्या भाषेत झाली? वस्तीपासून शाळेपर्यंतचा रस्ता पावसात आणि बर्फात चालून पाहा. एवढ्याने निम्मी कारणं सापडतात. त्यानंतर पालकांशी बोला.

सोय म्हणून वस्तीतच शाळा बांधायची सूचना येते. स्लोव्हाकियात वस्त्यांजवळ कंटेनरच्या खोल्या जोडून शाळा उभ्या राहिल्याही. चालण्याचा त्रास वाचला, पण त्या मुलांना गावातलं एकही मूल भेटेनासं झालं. 2021पासून तिथे पाच वर्षांच्या मुलांना बालवाडी सक्तीची आहे, आणि प्रयत्न करायचा तर तिथे करावा: जागा गावच्या बालवाडीतच मिळायला हवी.

इथे हंगेरीतल्या शायोकाझाच्या डॉ. आंबेडकर शाळेचं उदाहरण देणं भाग आहे. तिबोर देरदाक आणि यानोश ओर्शोश यांनी 'जय भीम' या नावाने काम उभं केलं आणि 2007मध्ये शाळा काढली. बाबासाहेबांच्या विचारांतून रोमा तरुणांना स्वतःची वाट दिसली, ही प्रत्येक मराठी माणसाच्या मनाला भिडणारी गोष्ट आहे. पण 'बघा, रोमांची वेगळी शाळा चालते की' असा अर्थ तिच्यातून काढू नका. नेहमीच्या शाळांनी वाऱ्यावर सोडलेल्या तरुणांना शालान्त परीक्षेपर्यंत नेणारी ही दुसरी संधी आहे. पहिली संधी हिरावून घेण्याचं ते समर्थन होत नाही.

प्रमाणपत्रं वाटली म्हणजे रोजगार दिला असं मानणं

गवंडीकाम, शिवण, संगणकाची ओळख. प्रशिक्षण होतं, फोटो निघतात, कामाला कुणी लागत नाही. मग 'यांना कामच नको' हे वाक्य येतं. ते येण्याआधी एका घराचा हिशेब मांडून बघा.

स्लोव्हाकियातल्या वस्तीवर अनेक घरांमागे जप्तीची प्रकरणं असतात: न भरलेला आरोग्य विमा, विनातिकीट प्रवासाचा दंड, मोबाइलचं थकलेलं बिल, आणि त्यावर चढलेला खर्च. माणूस कागदोपत्री नोकरीला लागला की पगारातून कपात सुरू होते. कामाचं ठिकाण लांब, बसचं भाडं रोजचं. वर सरकारी मदत कमी होते. हातात येणारा पैसा पाहिला की रोखीने मिळणारं बेकायदा काम परवडतं. महिनाअखेरी पीठ संपतं तेव्हा वस्तीतला सावकार दीडपट परतफेडीच्या बोलीवर पैसे देतो आणि मदतीचा हप्ता आला की दारात उभा राहतो. कर्ज सोडवायला कायदेशीर मदत, बसच्या वेळा आणि पहिल्या काही महिन्यांचा आधार यांशिवाय दिलेलं प्रमाणपत्र भिंतीवरच राहतं.

लेवोचाजवळच्या स्पिश्स्की हर्होव गावात महापौर व्लादिमीर लेदेत्स्की यांनी गावाचीच कंपनी काढून रोमांना बांधकामाची आणि रस्त्यांची कामं दिली. काम गावातलं, मजुरी नियमित, आणि शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. वस्तीकडे पाहण्याची गावाची नजर बदलायला याने जेवढी मदत केली, तेवढी कुठल्या मोहिमेने झाली नसती, असं माझं स्पष्ट मत आहे.

जमिनीआधी घराचा नकाशा काढणं

अनेक वस्त्या ज्या जमिनीवर आहेत, तिच्या सातबाऱ्यावर (तिथल्या नोंदवहीला हाच शब्द लावतो) भलतीच नावं असतात, कधी वारसांची लांबलचक यादी. कागद नाही म्हणून बांधकाम परवाना नाही, आणि परवाना नाही म्हणून नळ नाही. पहिला खर्च मोजणीदारावर आणि वकिलावर करा. स्लोव्हाकियातल्या राङ्कोव्त्से गावात कुटुंबांनी छोटी कर्जं घेऊन, स्वतः राबून कायदेशीर घरं बांधली, ती कागद आधी मार्गी लागले म्हणून.

'फक्त रोमांसाठी' किंवा 'सगळ्या गरिबांसाठी'

दोन्ही टोकं नडतात. पहिल्यात शेजारचा गरीब चिडतो. स्लोव्हाकियातल्या ओस्त्रोव्हानी गावात 2009मध्ये वस्ती आणि गाव यांच्यामध्ये चक्क भिंत बांधली गेली, म्हणजे गावाशी न बोलता काम करणं किती महागात पडेल याचा अंदाज येईल. दुसऱ्यात पैसा सोप्या लाभार्थ्यांकडे जातो. युरोपीय संघाने 2009मध्ये मांडलेल्या दहा तत्त्वांत मधला मार्ग आहे: रोमांचं नाव स्पष्ट घ्या, पण त्याच अवस्थेतल्या इतरांना वगळू नका. आणि जनगणनेवर विसंबू नका. स्लोव्हाकियात 2011मध्ये 1,05,738 जणांनी स्वतःला रोमा म्हणवलं. दोनच वर्षांनी झालेल्या वस्त्यांच्या पाहणीचा अंदाज चार लाखांचा होता. आपली ओळख सरकारी कागदावर लिहायला लोक का कचरतात, ते वर आलंच आहे.

एकाच माणसाशी बोलून 'समुदायाचा सहभाग' लिहिणं

वस्तीत शिरताच जो पुढे येतो, तो बोलका असतो, देशाची भाषा चांगली बोलतो. कधीकधी सावकारही तोच असतो. त्याच्यासमोर बाया बोलणार नाहीत, त्यामुळे बायकांची बैठक वेगळी आणि घरोघरी घ्या.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे वस्तीतल्या माणसांना पगारी कामावर घ्या. दवाखाना आणि वस्ती यांना जोडणाऱ्या रोमानियातल्या आरोग्य मध्यस्थ बाया, स्लोव्हाकियातल्या 'ओमामा' कार्यक्रमातल्या बाया वस्तीतल्याच. ओमामा घरी जाते, जमिनीवर बसून आई आणि बाळाबरोबर ठोकळे रचते, रंगांची नावं म्हणते, पुढच्या आठवड्यात पुन्हा येते. शाळेच्या दारातलं ते मूल तीन वर्षांनी गप्प राहू नये, यासाठीची तयारी इथे होते. अशा बाईला 'स्वयंसेविका' म्हणून फुकट राबवू नका. आणि तिची नेमणूक करण्यापूर्वी पंचायतीकडून किंवा मंत्रालयाकडून एक गोष्ट लेखी घ्या: प्रकल्पाचा निधी संपल्यानंतरच्या महिन्यात तिचा पगार कुठल्या खात्यातून निघणार.